‘फ्लोरा, द रेड मेनेस’ पडलं ते गाण्यांमुळे का? त्यातलं ‘अ क्वाएट थिंग’ कार्यक्रमात कसं म्हणावं?

गाण्यांमुळे नाही पडलं. ही समजूत इतक्यांदा ऐकली आहे की आधी तीच खोडतो.

संगीतकार जॉन कॅन्डर आणि गीतकार फ्रेड एब यांचं हे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं पहिलं एकत्र संगीत नाटक. ११ मे १९६५ ला लागलं आणि ८७ प्रयोगांत आटोपलं. दोष संहितेचा. १९३० च्या दशकातल्या मंदीतलं न्यूयॉर्क, काम शोधणारी फॅशन-चित्रकार फ्लोरा, तिला कम्युनिस्ट पक्षात ओढणारा तिचा तोतरा प्रियकर हॅरी. एवढा जळता विषय जॉर्ज ॲबट यांनी फार्सच्या अंगाने बसवला. पक्षाची माणसं सोंगंच ठरली, की फ्लोरानं पक्षाच्या सभासदत्वाच्या अर्जावर सही केली काय अन् नाही काय, प्रेक्षकाचा जीव कशात अडकणार? निर्माते हॅरल्ड प्रिन्स यांनी पुढचं नाटक याच जोडीला दिलं, दिग्दर्शन स्वतःकडे घेतलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘कॅबरे’ आलं, ११६५ प्रयोग झाले. संगीतकार तोच, गीतकार तोच. या वेळी राजकारण हसण्यावारी नेलं नव्हतं, एवढंच. आणि गाणी कच्ची असती, तर फ्लोराचं काम करणाऱ्या १९ वर्षांच्या लायझा मिनेलीला या पडलेल्या नाटकासाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक, मिळालं असतं का?

आता ‘अ क्वाएट थिंग’चं. फ्लोराला नोकरी लागते तिथे ते येतं. मनासारखं घडलंय, पण घंटा वाजत नाहीत, सगळं शांत आहे, हाच त्याचा जीव. अनेक गायिका शेवटी आवाज चढवतात आणि तिथेच ते मरतं, कारण शब्द शांततेचे आणि गळा घंटा बडवतोय. पहिल्या ओळी बोलल्यासारख्या घ्या आणि शेवटी आवाज पुन्हा तिथेच आणून ठेवा. पट्टी खालचीच धरा, उंच पट्टीत मऊ आवाज टिकवणं अवघड जातं. साथीला पियानो पुरे, तालवाद्य नको.

टाळ्यांचं गाणं हवं असेल तर ‘सिंग हॅपी’ घ्या, पण हसऱ्या चेहऱ्यानं नको. नोकरी आणि हॅरी, दोन्ही हातचे गेल्यावर ती सुखाचं गाणं मागते आहे.

संहिता वाचायची तर १९८७ ची, डेव्हिड थॉम्प्सन यांनी नव्यानं लिहिलेली वाचा. एक मात्र मान्य करतो, पक्षाच्या बैठकीतलं ‘द फ्लेम’ त्या टवाळीत सामील आहे. ते कार्यक्रमात घेऊ नका.