'सीमी' म्हणजे सिमकार्ड नव्हे!

प्रश्न आला आहे तो असा: आइसलँडला फिरायला गेलेल्या भाचीने दुकानांच्या पाट्यांवर फोन नंबराआधी 'सीमी' लिहिलेले पाहिले. हा आपला सिमकार्डातला 'सिम' का?

नाही हो! ध्वनी जुळला की नाते लावायची ही खोड डोक्यात जाते. सिम हे इंग्रजी आद्याक्षरांचे कडबोळे, कालपरवाचे. आइसलँडमध्ये समुद्राखालची तार 1906 साली पोचली, तेव्हापासून सीमी सरकारी कामकाजात आहे. तारयंत्र तो 'रित्सीमी', म्हणजे लिहिणारा. टेलिफोन तो 'ताल्सीमी', बोलणारा. आता नुसता सीमी म्हणजे फोन आणि 'फार्सीमी' म्हणजे मोबाइल, फिरता फोन. अर्थाचे एवढे पुरे.

खरी गंमत पुढे आहे. हा शब्द नवा घडवलेला नाही, थडग्यातून उठवलेला आहे. जुन्या आइसलँडिकमध्ये 'सीमा' म्हणजे दोर, धागा. हो, सीमा! मुळात 'बांधणे' या अर्थाचा धातू, संस्कृतातला 'सि'. त्यातूनच सेतू आला, आणि माझ्या मते आपली सीमाही. प्राकृतातून येताना ग्रामचे गाव झाले, नामचे नाव झाले, तशी सीमेची झाली शीव. म्हणजे मुंबईचे शीव स्टेशन आणि आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, घरात खणखणणारा फोन हे दूरचे चुलतभाऊ. (शीवचा शंकराशी संबंध जोडणाऱ्यांनी कृपया दीर्घ ईकाराकडे बघावे.)

काही विद्वान 'सीमन्'पुढे, म्हणजे सीमेच्या संस्कृत मूळ रूपापुढे, 'व्युत्पत्ती संदिग्ध' एवढे लिहून हात झटकतात. का, तर त्याचा एक जुना अर्थ केसांचा भांग असा आहे, आणि भांगाला दोर कशाला? या मंडळींनी वेणी घालताना कुणाला पाहिलेले दिसत नाही. भांग पडतो तो दोन्हीकडचे केस बांधायचे म्हणूनच. शेताची हद्दही दोर ताणूनच आखतात.

दुसरा त्रास 'बघा, आइसलँडवाले परके शब्द घेतच नाहीत' म्हणून आपल्याला टोमणे मारणाऱ्यांचा. घेतात की! कॉफीला 'काफ्फी' म्हणतात. मोटारीला 'बीत्ल', म्हणजे ऑटोमोबीलचे डोके उडवून उरलेले शेपूट. मोबाइललाही फार्सीमी सोडून कितीतरी जण 'गेम्सी' म्हणू लागले, तो तर जीएसएम या मोबाइल यंत्रणेच्या इंग्रजी आद्याक्षरांचाच अवतार.

आणि धाग्याच्या शब्दाला नवे काम देणे आपणही केले होते, तेही कुठलीही समिती न नेमता. 'तार आली' म्हटले की आमच्या आजीच्या पोटात गोळा यायचा. तिला काही तांब्याची तार दिसत नसे. धातूच्या धाग्याचे नाव सरळ निरोपाला दिले. तार हाच आपला सीमी. पुढे 'दूरध्वनी' काढला आणि तो लेटरहेडवरच राहिला.

हां, भाचीला सांगा, फोन वाजला की तिथे 'सीमिन्' म्हणतात. तो शेवटचा 'न्' म्हणजे इंग्रजीतला 'द', फक्त मागून चिकटवलेला.