घरच्या घरी गुआ शा करता येतं का? लाल डाग पडले की अंगातली विषारी द्रव्यं निघून जातात, हे खरं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत: लॅपटॉपसमोर बसून आखडलेल्या मानेला घरी गुआ शा (तेल लावलेल्या कातडीवर गुळगुळीत कडेची पट्टी दाबून ओढायचा चिनी उपाय) करावं का, त्याने उठणारे लाल डाग म्हणजे बाहेर पडलेली विषारी द्रव्यं का, सहाशे रुपयांची जेड दगडाची पट्टी घ्यावी का, आणि आईच्या गुडघ्यांना करून द्यावं का.

आईचं आधी सांगते, कारण धोका तिथे आहे. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, कुठलीही), तर नको. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर नको. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तरी नको. यातलं काहीच नसेल तर मांडीच्या स्नायूंवर हलक्या हाताने चालेल, गुडघ्याच्या वाटीवर नाही. पण झिजलेला गुडघा याने भरून येत नाही, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.

मानेला मात्र बिनधास्त करा. मी नोकरीनिमित्त काही वर्षं तैवानमध्ये शिंचूला होते. आपल्याकडे गुआ शा इन्स्टाग्रामवरून आलं, चेहऱ्याच्या सीरमबरोबर. तिथे ते घरगुती औषध आहे. उन्हाचा तडाखा बसला, डोकं जड झालं, मळमळायला लागलं, की घरातलं मोठं माणूस म्हणतं, पाठ कर इकडे. चीनमध्येही सतराव्या शतकापासूनच्या वैद्यकग्रंथांत हा उपाय मुख्यतः उन्हाळी आजारांसाठी आणि साथींसाठी सांगितलेला आढळतो. गाल वर उचलणं हे फार नंतरचं प्रकरण.

आमच्या घरमालकीणबाई सूप प्यायचा चिनी मातीचा चमचा वापरायच्या. त्याची गोल, जाड कड तेलाच्या बोटाने आधी चाचपून बघायच्या. कुठे टवका उडालेला असेल तर चमचा बाद. मग मानेला तेल, आणि केसांच्या रेषेपासून खाली एक लांब ओढ. तेल पुरेसं असेल तर आवाज येत नाही; खरखर ऐकू आली की त्या थांबून पुन्हा तेल लावायच्या. पाच-सहा ओढींत कातडी नुसती गुलाबी होते. पण जिथे खरोखर आखडलेलं असतं, तिथे बारीक लाल ठिपके उठायला लागतात. माझ्या उजव्या खांद्यावर, माऊसच्या बाजूला, हमखास उठायचे. डावा खांदा तसाच गोरा.

तुम्ही असं करा. तेल खोबरेल किंवा तिळाचं, चांगलं सढळ. पट्टी उभी धरायची नाही. कातडीकडे झुकलेली, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांत. ओढ नेहमी एकाच दिशेने, मागेपुढे घासायचं नाही. मानेच्या मागे मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली यायचं, मग मानेच्या बुडाशी जे हाड हाताला लागतं तिथून खांद्याच्या टोकापर्यंत जायचं. मणक्याच्या हाडावर नाही. गळ्याच्या पुढे आणि बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे अजिबात दाब नको. तीळ, पुरळ, जखम टाळायची. एका जागी दहा-पंधरा ओढी पुरे, सगळं मिळून दहा मिनिटं. दुखतंय पण बरं वाटतंय, इतपतच जोर. स्वतःच्या पाठीला हात पोहोचत नाही, ते घरातल्या कुणाकडून करून घ्या, आणि तो माणूस हात हलका असलेला बघा. आमच्याकडे नवऱ्याला हे काम देत नाही.

झाल्यावर कोमट पाणी प्यायचं आणि काही तास गार वाऱ्यात बसायचं नाही, असं तिकडे सांगतात. न्हाऊन वारं घेऊ नकोस म्हणणारी आपली आजी तैवानमध्येही असते.

आता डागांचं. ते विष नाही. कातडीखालच्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या दाबाने फुटतात, त्यातलं रक्त बाहेर झिरपतं, आणि शरीर ते पुढच्या दोन ते पाच दिवसांत शोषून घेतं. म्हणजे काही बाहेर जात नाही, उलट आतलं आतच साफ होतं. काशाच्या वाटीने तळपाय घासले की तेल काळं पडतं आणि आपण ‘उष्णता निघाली’ म्हणतो ना, तसलाच हा समज. तिथे काशातल्या तांब्याची तेलाशी आणि घामाशी प्रक्रिया होते. वाटीने बरं वाटतं ते खरंच, कारण मात्र दुसरं. म्हणून डाग गडद यावेत यासाठी जोर लावू नका. पहिले डाग पूर्ण गेल्याशिवाय त्याच जागी पुन्हा करूही नका.

उपयोग होतो का? जर्मनीत एसेनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये ११ निरोगी माणसांवर मोजून पाहिलं: गुआ शा केलेल्या जागी कातडीतला रक्तप्रवाह पहिल्या साडेसात मिनिटांत चारपटींपर्यंत वाढला होता. २०११ मध्ये जुनाट मानदुखीच्या ४८ रुग्णांची तुलना झाली, निम्म्यांना एकदा गुआ शा आणि निम्म्यांना शेकायची पिशवी. आठवड्याने गुआ शावाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. प्रयोग लहान, आणि आपल्याला काय केलंय हे रुग्णाला कळणारच, त्यामुळे यावर फार मोठा मजला चढवू नये. पण मानेसाठी करून पाहायला एवढं पुरेसं आहे, असं माझं मत. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटांतला जोर कमी झाला असेल, तर पट्टी बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

ज्या कामासाठी तिकडे हे सर्रास करतात, ते म्हणजे तापात किंवा कणकणीत पाठ खरवडणं, ते इथे मुळीच करू नका. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी म्हणजे डेंग्यू असू शकतो. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, रक्तस्राव थांबायला वेळ लागतो. शिवाय अंगावर आपणच ठिपके उठवले, तर डेंग्यूचे ठिपके कुठले आणि आपले कुठले, हे डॉक्टरांना कसं कळणार? तापात आधी रक्त तपासायचं.

पट्टी सहाशेची घेऊ नका. त्या किमतीत मिळणारा ‘जेड’ जेड असेलच असं नाही, आणि असला तरी काम कडेचं आहे, दगडाचं नाही. चिनी मातीचा सूपचा चमचा किंवा गोल, गुळगुळीत कडेचं स्टीलचं झाकण चालतं. फक्त प्रत्येकाचं वेगळं ठेवा आणि दर वेळी साबणाने धुवा. ओरखडा राहिला तर कडेवर रक्त लागू शकतं, आणि कावीळ ब व क रक्तातून पसरते.

चेहऱ्याला करायचं असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे ठिपके उठवायचेच नसतात. पट्टी जवळजवळ आडवी, दाब नावापुरता. सकाळची सूज थोडा वेळ उतरते, पण जबड्याचं हाड काही टोकदार होत नाही. मुरुमं असतील तर तेवढंही नको. आणि मानेवर डाग असताना डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर गुआ शा केलंय हे आपणहून सांगा. १९७५ नंतर अमेरिकेत गेलेल्या व्हिएतनामी कुटुंबांत नाण्याने असंच घासायचे, आणि मुलांच्या पाठीवरचे पट्टे पाहून तिथल्या डॉक्टरांनी आईबापांवर मारहाणीचा संशय घेतल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.