युलिपचं राहू द्या सर, आधी ती 3 एकर वाचवा

परभणी जिल्ह्यातून एका सरांचं पत्र आलंय. वय 41, राज्यशास्त्रात नेट, पीएचडी सगळं झालेलं, 10 वर्षांपासून तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण शिकवतात. तासाला 900, आठवड्याला 9 तास, सुट्ट्या अन परीक्षा सोडून वर्षाला अडीच लाखाच्या आसपास पडतात, ते पण बिल निघेल तेव्हा. प्रश्न एवढाच की बँकेतनं घेतलेल्या युलिपचे (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) 50 हजाराचे 3 हप्ते भरलेत, चौथा भरू का नको. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: संस्थेत जागा निघतेय, 40 लाख म्हणतायत, वडिलांची पाथरीकडची कालव्याखालची 3 एकर विकून 36 येतील, 4 पतसंस्थेतून काढतो, पर्मनंट झालो की 4 वर्षांत फिटतील.

युलिपचं पटकन सांगतो, भरू नका. अडीच लाख कमावणाऱ्याला "एफडीसारखीच आहे सर" म्हणून 50 हजाराची पॉलिसी विकतात याची खरंच चीड येते. हप्ता थांबवला की थोडा चार्ज कापून पैसे डिसकंटिन्यूड फंडात, म्हणजे बंद पडलेल्या पॉलिसींच्या वेगळ्या फंडात, जातात, तिथं किमान 4 टक्के मिळतात, 5 वर्षं झाली की काढून घ्या. विषय संपला.

आता ते 40 लाख, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. सर, डोनेशन म्हणलं तरी ती लाच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी त्या कायद्यात लोकसेवकच धरलेत. पावती मिळणार नाही, आणि काम नाही झालं तर पैसे परत मागायला कोर्टातही जाता येणार नाही कारण बेकायदा व्यवहाराला कोर्ट उभं करत नाही.

आणि जागा निघणं वेगळं, पगार सुरू होणं वेगळं. जाहिरात, रोस्टर म्हणजे आरक्षणाची बिंदुनामावली, विद्यापीठाची मान्यता, मग उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय, यातलं एक जरी अडकलं तर माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत बसतो. एका सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तासांचा वर्कलोड लागतो, तुमच्या विषयाला तेवढे तास आहेत का ते तुमच्याच टाइमटेबलवर मोजा, आणि हजेरीपटावर 60 नावं असून वर्गात किती पोरं बसतात ते तर तुम्ही रोज बघता. तुम्ही पोरांना शासन निर्णय वाचायला शिकवता, मग संस्थेला एवढंच विचारा की ही जागा कोणत्या जीआरने, कोणत्या तारखेला मंजूर झाली. कागद दाखवत नसतील तर जागाच नाही असं समजा.

तुमचा 4 वर्षांचा हिशेब पण बसत नाही. मूळ पगार 57,700, डीए घरभाडं धरून आणि एनपीएस म्हणजे नव्या पेन्शनची वर्गणी कापून हातात 85 हजाराच्या आसपास. पोरांची शाळा, घर, दवाखाना जाऊन महिन्याला 40 हजार उरले असं धरू, म्हणजे वर्षाला 4.8 लाख, नुसती मुद्दल फिटायला 8 वर्षं, पतसंस्थेचं व्याज वेगळं. तोवर तुम्ही पन्नाशीत, 60 ला रिटायर, आणि 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जागा खरी निघाली, पगार वेळेवर सुरू झाला तर कागदावर फायदा दिसतो हे मी लपवत नाही. पण तो "तर" लई मोठाय, आणि तो फसला तर हातात ना नोकरी ना जमीन, डोक्यावर 4 लाखाचं कर्ज.

जमिनीचं तर मला सगळ्यात जास्त वाटतं. सगळीच 3 एकर गेली की घरात कुणी शेतकरी खातेदार राहत नाही, आणि आपल्या मराठवाड्यात अजून जुन्या हैदराबाद राज्याचा कुळकायदा लागू आहे, परवानगीशिवाय पुन्हा शेतजमीन घेता येत नाही. वडिलोपार्जित असेल तर बहिणींचा हिस्सा आहे, त्यांना विचारलंय का? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही.

तुमच्या नावावर टर्म इन्शुरन्स, म्हणजे नुसता जीवनविमा, नाही, वाचलेल्या 50 हजारातले 10 एक हजार तिकडे जाऊ द्या, 50 लाखाचं कव्हर बघा, कंपनी भरलेलं इन्कमटॅक्स रिटर्न मागेल. बाकीचे साध्या एफडीत, बिलं अडकतात त्या महिन्यांसाठी. आणि कमाई वाढवायची जागा तुमच्याच विषयात आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झालीय, राज्यघटना आणि धोरणाची उत्तरं नीट तपासून देणारा माणूस संभाजीनगर, लातूरच्या क्लासवाल्यांना लागतोच, महिन्याला 10-15 हजार आले तरी तुमचं उत्पन्न दीडपट होतं. शासकीय कॉलेजच्या जागा पण एमपीएससीच भरते, जाहिरात आली की वयाची अट बघून फॉर्म भरा.

गिऱ्हाईकाकडून इसार घेतला नसेल तर या आठवड्यातच वडिलांसोबत बसून नाही म्हणून कळवा. घेतला असेल तर इसारपावती आधी वकिलाला दाखवा आणि परत करायची अट काय लिहिलीय ते मला कळवा.