'निल' आलंय मॅडम, म्हंजे संपलंच ना?

कॅन्सरची ट्रीटमेंट झालेली पोरं माझ्याकडं येतात तेव्हा केसांचं, वजनाचं, कामाचं सगळं बोलून घेतात, आणि मग चपला घालता घालता विचारतात, मॅडम, लेकरू होईल ना? खरं तर त्याच्यासाठीच आलेले असतात.

असाच एक जण, घनसावंगीकडचा (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), वय 29, घरची मोसंबीची बाग, लग्नाला 3 वर्षं. मानेला गाठ आली, हॉजकिन लिम्फोमा (लसीका गाठींचा कॅन्सर) निघाला, एबीव्हीडी म्हंजे चार औषधांच्या केमोच्या 6 सायकल, 12 डोस झाले, स्कॅन क्लीन. डोस संपून चौथा महिना लागला न लागला तर यानं कुणाला न सांगता सिमेन टेस्ट (वीर्याची तपासणी) करून टाकली. रिपोर्ट चार घड्या घालून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवलेला, घडीवरची शाई पार उडालेली. शुक्राणूंच्या काउंटच्या पुढं एकच शब्द, निल, म्हंजे एकही नाही.

"सॅम्पल घरून डबीत घेऊन यष्टीनं जालन्याला नेलं होतं, त्यानं तर नाही ना झालं?" म्हटलं नाही बाबा, उशीर झाला तर हालचाल कमी दिसते, शुक्राणू गायब होत नाहीत. घरून न्यायचंच असेल तर अंगाच्या उबेला धरून तासाच्या आत पोचवायचं, आणि आधी 2 ते 7 दिवस गॅप ठेवायचा, एवढं लक्षात ठेव.

खरी गोष्ट अशी की शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने तरी जातात, आणि केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालते, त्यामुळं तयार व्हायलेले सगळे जातात. पण ज्या मूळ पेशींपासून ते बनतात त्या बऱ्याचदा शिल्लक असतात, त्यांना वेळ लागतो. त्याला लगेच समजलं, म्हणाला, "म्हंजे बहार गळलाय, झाड वाळलं नाही." मी इतकी वर्षं हे सांगायलेय, इतकं सोपं मला कधी जमलं नव्हतं.

एबीव्हीडीनंतर बहुतेकांचा काउंट वर्ष-दोन वर्षांत परत येतो. पण सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं जास्त डोसमध्ये गेली असतील किंवा वृषणावर रेडिएशन झालं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून शेजारच्या बेडवाल्याचं ऐकून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका, डिस्चार्ज कार्ड घ्या आन् डॉक्टरला विचारा.

मग हळूच दुसरं निघालं. जिममधला मित्र "ताकदीचं" इंजेक्शन घे म्हणायलाय. टेस्टोस्टेरॉनच ते! बाहेरून घेतलं की शरीर आतलं शुक्राणू बनवणं बंद करतं, उलटंच व्हायचं सगळं. आणि ताकद म्हंजे काय? बेडवर सगळं ठीक असून काउंट निल असू शकतो, दोन्ही गोष्टी वेगळ्या. आपल्याकडं एकच धरतात, त्यामुळं हा गडी बायकोच्या जवळच जाईना, आणि तिकडं सासू तिला सोमवार धरायला लावायली.

"निल आहे तर मग काळजी कशाची" असंही नका समजू. काउंट कधी परत येईल सांगता येत नाही आणि केमोनंतरचे काही महिने शुक्राणूंच्या डीएनएत बिघाड असू शकतो, म्हणून डॉक्टर साधारण एक ते दोन वर्षं कंडोम वापरायला सांगतात.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. पहिल्या डोसच्या आधी याला सिमेन फ्रीझ करता येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. एक-दोन दिवसांचं काम, उणे 196 डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं राहतं. तुमच्या घरात आत्ता कुणाचा डोस सुरू व्हायचा असेल तर आजच विचारा, लाजू नका. आणि आधी राहून गेलं, पुढंही निलच राहिलं तरी मायक्रो-टेसे नावाचं ऑपरेशन असतं, वृषणातून शुक्राणू शोधून काढतात, काहींना सापडतात, काहींना नाही.

14 महिन्यांनी परत टेस्ट केली. एका मिलीत 70 लाख. डब्ल्यूएचओच्या सिमेन टेस्टवरच्या 2021 च्या पुस्तकात खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे, म्हंजे कमीच, पण निल नाही. या वेळी बायको सोबत आली होती, पहिल्यांदाच. सगळं ऐकून घेतलं तिनं आणि विचारलं, पुढची टेस्ट कधी? म्हटलं 6 महिन्यांनी.

"तवा मोसंबीची तोडणी असती मॅडम, पंधरा दिवस पुढं घ्या."

घेतलं.