भयपट दिग्दर्शकाला जोखण्यापूर्वी
नाशिकच्या आपल्या चित्रपटमंडळात तुम्ही नव्याने आलात आणि पहिल्याच बैठकीत अमेरिकी भयपट दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांना उगाच डोक्यावर घेतले जाते असे म्हणालात, म्हणून आग्रहाने लिहितो. त्यांचा १९७८ सालचा ‘हॅलोविन’ दिवे मालवून, फोन दूर ठेवून पुन्हा पाहा. त्यात रक्त फारसे दिसत नाही, पण रुंद चौकटीच्या कडेला उभा असलेला मुखवटाधारी आपल्याला दिसतो आणि समोरच्या पात्राला दिसत नाही, तिथेच भीती जन्म घेते. ५ मात्रांत फिरणारे ते अस्वस्थ संगीतही त्यांनी स्वतःच रचले. त्यांचे नंतरचे काही चित्रपट मलाही फिके वाटतात. मात्र आपण दचकलो नाही, एवढ्यावरून चित्रपट फसला असे ठरवू नका. रात्री गच्चीचे दार लावताना मागे वळून पाहावेसे वाटले का, ते आधी तपासा.