प्राचीन ग्रीक वैद्य तापात रोग्याला उपाशी ठेवत का?

सरसकट नाही. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या, तीव्र आजारांतल्या पथ्याविषयीच्या ग्रंथात मुख्य आहार म्हणजे जवाची पेज. ती चांगली शिजलेली, गुळगुळीत हवी. आजार जोरात असेल तर गाळून नुसती निवळ द्यायची, किंवा मधपाणी, मध-व्हिनेगरचं पेय. तापाची लाट चढत असताना मात्र अन्न बंद.

काही वैद्य आधी दोन-तीन दिवस कडक लंघन घडवत आणि मग एकदम पेज सुरू करत. त्यांच्यावर ग्रंथकर्ता चांगलाच तोंडसुख घेतो (मला तरी हा भाग सर्वांत वाचनीय वाटतो). त्याचा मुद्दा असा, की आहारातला अचानक बदल धडधाकट माणसालाही बाधतो, मग आजाऱ्याचं काय! आणि भूक? शुद्ध जागेवर असणं आणि समोर आलेलं अन्न घ्यावंसं वाटणं, हे कुठल्याही दुखण्यात चांगलं लक्षण मानत.