सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर खासगी गार्ड म्हणून लागलो, तर प्रवाशाला अडवायचा किंवा झडती घ्यायचा अधिकार मिळतो का?

पोलिसांसारखा अधिकार मिळत नाही. गणवेश अंगावर असला तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही सामान्य नागरिकच. प्रवाशाची अंगझडती सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) किंवा पोलिसांचं काम. खासगी गार्डकडे रांग लावणं, पार्किंग, मालमत्तेवर नजर अशी कामं येतात.

सामान्य नागरिकालाही असलेला पकडण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये आहे. गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा), दोन्ही हवा (किंवा इसम घोषित फरारी असावा). पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, फार तर 6 तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं.

गफलत इथेच होते. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीचा पहिलाच गुन्हा आता साधारणपणे अदखलपात्र धरला जातो. दोन हजारांच्या हेडफोनपायी कुणाला खोलीत डांबलंत, तर बेकायदा कोंडून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावरच, शिक्षा एक वर्षापर्यंत. अशा वेळी वर्णन आणि वेळ टिपा, साक्षीदारांना थांबायची विनंती करा, ड्यूटीवरच्या पोलिसाला बोलवा. सामान बेवारस दिसलं तर हात लावू नका, लोकांना दूर करा, लगेच कळवा.

कामावर रुजू होण्याआधी एजन्सीचा 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायद्याखालचा परवाना बघा. प्रशिक्षण 100 तास वर्गात, 60 तास मैदानावर. माजी सैनिकांना कमी. फोटो ओळखपत्र सतत जवळ हवं. पोलिसांसारखा दिसणारा गणवेश एजन्सीने दिला तर घालू नका, तोही गुन्हा आहे.